पुन्हा साथ आली तर संपर्कशोध ॲप वापराल का, हे गावात कसे विचारावे?

वाळवंटीकाठ (डिचोली) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या पंचायतीच्या ग्राम आरोग्य समितीने पावसाळ्यापूर्वी गावात घरोघर एक छोटी पाहणी करायचे ठरवले आहे. डेंगीच्या डासांची पैदास, माकडताप (गोचिडीतून होणारा ताप), मुलांचे लसीकरण हे नेहमीचे विषय तिच्यात आहेतच. शिवाय एका सदस्याच्या आग्रहावरून आणखी एक प्रश्न घालायचा आहे, तो असा की पुन्हा कोविडसारखी साथ आली आणि सरकारने संपर्क शोधणारे ॲप (जवळ आलेल्या फोनांची ब्लूटूथने नोंद ठेवून, त्यांपैकी कोणी बाधित निघाल्यास बाकीच्यांना सावध करणारे) आणले, तर आपण ते आपल्या फोनवर घ्याल का. प्रश्नावली लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बाकीचे प्रश्न लिहून झाले, पण हा एक काही केल्या कागदावर नीट उतरत नाही.

अडचण अशी की या प्रश्नाला 'होय' म्हणायला काहीच पडत नाही. मार्च-एप्रिल २०२० मध्ये फ्रान्स, जर्मनी, इटली, ब्रिटन आणि अमेरिका या पाच देशांत अशी पाहणी झाली होती, तेव्हा दर चौघांपैकी जवळजवळ तिघांनी असे ॲप आपण नक्की किंवा बहुधा घेऊ, असे सांगितले. त्याच फ्रान्समध्ये २ जूनला स्टॉपकोविड हे ॲप प्रत्यक्ष आले, तेव्हा पहिल्या तीन आठवड्यांत जेमतेम १९ लाख लोकांनी ते घेतले, त्यांतील ६८ जणांनी आपण बाधित असल्याची नोंद केली आणि संपर्काची सूचना गेली ती अवघ्या १४ जणांना. आपल्याकडचे चित्र वरवर पाहता उलटे दिसते. आरोग्य सेतू २ एप्रिल २०२० रोजी आले आणि मेच्या मध्यापर्यंत ते १० कोटींहून अधिक फोनांवर पोचले होते. मात्र त्या ॲपने आपल्याला वेळेवर सावध केले, असे सांगणारा माणूस मला आमच्या पंचक्रोशीत अजून भेटलेला नाही. म्हणजे एकीकडे तयारी दाखवून लोकांनी ॲप घेतले नाही, आणि दुसरीकडे ॲप घेऊनही त्याचा वापर झाला नाही, असेच म्हणावे लागते.

तेव्हा 'तयारी' मोजायची म्हणजे नेमके काय मोजायचे, गोव्यातील आपल्या अनुभवात लोक कशामुळे पुढे आले आणि कशामुळे मागे राहिले, आणि मुळात हा प्रश्न प्रश्नावलीत ठेवावा का, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.


ओसरी (वाळपई)

वाळवंटीकाठबाब, प्रश्न ठेवा, पण 'ॲप घ्याल का' असा ठेवू नका.

मी आरोग्य खात्यात बहुउद्देशीय आरोग्यसेवक म्हणून लागलो आणि पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो, आणि माझी बहुतेक नोकरी सत्तरी तालुक्यात झाली. संपर्कशोध हे काम आमच्यासाठी २०२० मध्ये नवे नव्हते. क्षयरोग्याच्या घरातील माणसे तपासायला नेणे हे वर्षानुवर्षे चालतच होते. माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही, तरीही तापाचा रुग्ण सापडला की काजूच्या हंगामात त्याच्याबरोबर बागेत आणखी कोण उतरले होते, हे आम्ही विचारत फिरायचो. कोविडमध्ये फरक पडला तो एवढाच की लक्षणे दिसण्याच्या दोन दिवस आधीपासूनची सगळी ऊठबस माणसाच्या तोंडून काढून घ्यावी लागे, आणि ती सांगण्यात त्याचे नुकसान असे.

माणूस पहिल्या झटक्याला 'मी कुणालाच भेटलो नाही' असेच म्हणतो. ओसरीवर थोडा वेळ बसलो, घरच्यांची विचारपूस झाली, की मग माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचे) सामान आणायला बाजारात गेलो होतो, परतताना अमक्याच्या गाडीवर बसलो, रात्री वाड्यावर आरतीला गेलो, असे एकेक बाहेर येते. २०२० ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २२ ऑगस्टला होती आणि त्या दिवसांत लोकांनी सर्वांत जास्त लपवले ते आरतीला जाणे. कारण उघड आहे. त्याने एक नाव घेतले की त्या घराची चवथ विलगीकरणात जाणार, आणि वर्षभर तो वाडा त्याला ऐकवणार.

आता ॲप नाव विचारत नाही, त्यामुळे हा संकोच टळतो, असा त्याच्या बाजूने युक्तिवाद केला जात असे, आणि तो शहरापुरता खरा असेलही. आमच्याकडे मात्र फोन माणसाबरोबर असतोच असे नाही. डोंगराकडच्या कित्येक घरांत रेंज एका ठराविक खिडकीतच मिळते, म्हणून घरातले सगळे फोन त्या खिडकीच्या फळीवर ओळीने ठेवलेले असतात आणि माणसे घुमट वाजवायला शेजारच्या घरी गेलेली असतात. अशा घरात ब्लूटूथला दिसणार तो फोनांचा संपर्क.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. नमुना घेताना जो अर्ज भरला जाई त्यावरचा मोबाईल क्रमांक हाच पुढच्या साऱ्या यंत्रणेचा धागा होता, कारण तपासणीचा निकाल त्या क्रमांकाला चिकटूनच ॲपच्या सर्व्हरपर्यंत जायचा. आणि तो क्रमांक बऱ्याचदा मुलाचा, शेजाऱ्याचा किंवा कंत्राटदाराच्या मुकादमाचा असे. म्हातारी इस्पितळात आणि बाधित ठरलेला फोन पणजीला नोकरीवर, असा प्रकार कागदावर सहज घडू शकत होता. म्हणून म्हणतो, घरात फोन किती, ते कोणाचे आणि दिवसभर ते कुठे असतात, हे आधी विचारा.


पर्वरीकर

मला या सगळ्या चर्चेची गंमत वाटते. जेवण मागवणाऱ्या ॲपला आपण घराचा पत्ता देतो, नकाशाच्या ॲपला रोजचा रस्ता देतो, समाजमाध्यमांवर नातवंडांचे फोटो टाकतो, आणि आरोग्यासाठी सरकारने जरा माहिती मागितली की मात्र आपल्याला खाजगीपणाची आठवण होते. साथीत हा लाड परवडत नाही. ॲप सक्तीचे करावे, वापर आपोआप वाढेल.


म्हापशेकर

पर्वरीकरांच्या युक्तिवादात एक फरक सुटला आहे. जेवण मागवणारे ॲप माझा पत्ता जाणते म्हणून उद्या मला चौदा दिवस घरात कोंडू शकत नाही. सरकार कोंडू शकते, आणि साथीत कधी कधी त्याने ते केलेही पाहिजे. म्हणूनच जो माहिती घेतो त्याच्या हातात कोणता अधिकार आहे, हे पाहून माणूस ती देतो किंवा राखून ठेवतो, आणि मला त्यात विसंगती दिसत नाही. मी वकिली करतो, तेव्हा सक्तीचे काय झाले तेवढे सांगतो.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १ मे २०२० च्या आदेशाने सरकारी आणि खाजगी अशा सर्व कर्मचाऱ्यांना ॲप बंधनकारक केले आणि शंभर टक्के कर्मचाऱ्यांनी ते घेतले आहे हे पाहण्याची जबाबदारी संस्थेच्या प्रमुखावर टाकली. नोएडात तर फोनवर ॲप नसणे हा शिक्षापात्र अपराध ठरवला गेला. विदा (डेटा) संरक्षण कायद्याचा पहिला मसुदा ज्यांच्या समितीने तयार केला, त्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांनी ही सक्ती पूर्णपणे बेकायदेशीर असल्याचे जाहीरपणे सांगितले, कारण तिच्यामागे संसदेने केलेला कोणताही कायदा नव्हता. १७ मेच्या आदेशात मग भाषा सौम्य झाली आणि मालकांनी आपल्या परीने प्रयत्न करावा, एवढेच उरले. तोवर रेल्वेने मात्र १२ मेपासून सुटणाऱ्या विशेष गाड्यांसाठी ॲप सक्तीचे करून टाकले होते, आणि त्या गाड्यांत दिल्ली–मडगावही होती. मे महिन्यात रेल्वेने मडगावला उतरलेल्या काही प्रवाशांना बाधा असल्याचे निघाले, ते चाचणीमुळे. ॲप त्यांच्या फोनवर असूनही ही स्थिती होती, याची सक्तीचा आग्रह धरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

११ मे २०२० रोजी माहिती कोणी, कशासाठी आणि किती काळ वापरावी याचे नियम इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाने जाहीर केले. त्यांत माहिती साधारणपणे १८० दिवसांपलीकडे ठेवू नये असे होते, पण तोही प्रशासकीय आदेशच होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने १९ ऑक्टोबर २०२० रोजी, कायदा नसताना केवळ ॲप नाही म्हणून नागरिकाला सरकारी सेवा नाकारता येणार नाही, असे अंतरिम आदेशात म्हटले, आणि जानेवारी २०२१ मध्ये माहितीपूर्ण संमतीशिवाय आरोग्यविषयक माहिती इतर खात्यांना देण्यास मनाई केली. सप्टेंबर-ऑक्टोबरातली लाट तोवर ओसरू लागली होती. हक्क न्यायालयात सिद्ध होईपर्यंत लोकांनी आपापल्या पातळीवर निकाल लावून टाकलेला असतो, आणि तो फोनमधले ब्लूटूथ बंद करून.

विश्वास कसा जातो, यासाठी मी नेहमी सिंगापूरचे उदाहरण देतो. तिथे २० मार्च २०२० रोजी ट्रेसटुगेदर आले. माहिती फक्त संपर्कशोधासाठीच वापरली जाईल असे लोकांना सांगितले होते. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत मान्य करण्यात आले की फौजदारी प्रक्रिया संहितेखाली पोलीस ती माहिती मागवू शकतात आणि एका खुनाच्या तपासात तिचा उपयोग करण्याचा प्रयत्न झालेला आहे. पुढच्याच महिन्यात कायदा करून हा वापर सात गंभीर प्रकारच्या गुन्ह्यांपुरता मर्यादित करावा लागला. ज्या देशात लोक सरकारचे ऐकतात असे आपण धरून चालतो, तिथेही लोक चिडले.

वाळवंटीकाठ यांच्या पाहणीच्या दृष्टीने कायद्यातली तरतूदही सांगितली पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम ७ नुसार साथीच्या किंवा सार्वजनिक आरोग्याला असलेल्या धोक्याच्या काळात उपचार आणि आरोग्यसेवा देण्यासाठी व्यक्तीची माहिती तिच्या संमतीशिवायही वापरण्याची तरतूद आहे. तेव्हा 'तुमच्या परवानगीशिवाय काहीही होणार नाही' असे वाक्य प्रश्नावलीत चुकूनही छापू नका.


कुळागर (फोंडा)

तांत्रिक बाजू अजून आलेली नाही म्हणून लिहितो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि मला वाटते की 'किती लोकांनी ॲप घेतले तर ते चालेल' या एका आकड्याच्या गैरसमजाने या विषयाचे बरेच नुकसान केले आहे.

आधी साधे गणित पाहू. संपर्काची नोंद होण्यासाठी भेटणाऱ्या दोघांच्याही फोनवर ॲप चालू असावे लागते. गावातील ४० टक्के लोकांकडे ते चालू असेल, तर कोणत्याही एका भेटीत दोघांकडेही असण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या चाळीस टक्के, म्हणजे १६ टक्के येते. २० टक्के लोकांकडे असेल तर ती ४ टक्क्यांवर उतरते. हे झाले सगळे सगळ्यांत सारखेच मिसळतात असे धरून. प्रत्यक्षात ॲप घेणारी माणसे आपसांतच अधिक वावरतात, त्यामुळे पणजीत पाटो येथील एखाद्या कार्यालयात यापेक्षा कितीतरी जास्त भेटी टिपल्या जातील आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जवळजवळ काहीच नाही. साथ मात्र दोन्हीकडे फिरते.

दुसरा आकडा ६० टक्क्यांचा. एप्रिल २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दहा लाख वस्तीच्या एका शहराचे प्रारूप मांडून असे म्हटले की स्मार्टफोन वापरणाऱ्यांपैकी ८० टक्के, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या सुमारे ५६ टक्के लोकांनी ॲप वापरले तर साथ आटोक्यात येऊ शकते. त्याहून कमी वापरातही रुग्ण घटतात, हे त्याच मांडणीत होते. वर्तमानपत्रांतून लोकांपर्यंत पोचले ते 'साठ टक्क्यांखाली उपयोग शून्य' असे, आणि अनेकांनी त्यावरून 'मग मी एकट्याने घेऊन काय होणार' असा हिशेब केला. इंग्लंड आणि वेल्समधले ॲप २४ सप्टेंबर २०२० ला आले. लोकसंख्येपैकी सुमारे २८ टक्के लोक ते नियमित वापरत होते, आणि वर्षअखेरपर्यंत त्यामुळे किती रुग्ण टळले याचे दोन पद्धतींनी केलेले अंदाज सुमारे २ लाख ८४ हजार आणि ५ लाख ९४ हजार असे आले. ऑस्ट्रेलियाचे कोविडसेफ याच्या दुसऱ्या टोकाला आहे. हाताने केलेल्या शोधातून निसटलेले असे जेमतेम १७ संपर्क त्याने दाखवून दिले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते बंद केले गेले. तिथे रुग्ण थोडे होते आणि ओसरीबाबांसारख्या माणसांचे काम भक्कम होते, हेही विसरून चालणार नाही.

ब्लूटूथ अंतर मोजत नाही. ते दुसऱ्या फोनकडून येणाऱ्या लहरी किती तीव्र आहेत ते पाहते आणि त्यावरून अंतराचा अंदाज बांधते. फोन पॅन्टच्या मागच्या खिशात असेल तर मध्ये आलेल्या शरीरामुळे लहरी क्षीण होतात आणि जवळचा माणूस दूर वाटतो. उलट, फ्लॅटच्या पातळ भिंतीपलीकडे झोपलेला शेजारी रात्रभर शेजारी बसल्यासारखा नोंदला जाऊ शकतो. त्यातच सुरुवातीच्या कित्येक ॲपना ॲपलच्या फोनवर पडदा बंद असताना नीट काम करता येत नव्हते. २० मे २०२० रोजी ॲपल आणि गूगलने मिळून फोनच्या प्रणालीतच सोय दिल्यावर ही अडचण गेली, पण ती सोय वापरायची तर ठावठिकाणा गोळा करायचा नाही, अशी अट होती. जर्मनीने १६ जूनला आणलेल्या ॲपने ती अट पाळली. नाव नाही, क्रमांक नाही, जीपीएस नाही, आणि जुळणी होते ती फोनमध्येच. आरोग्य सेतू नाव, क्रमांक, वय, व्यवसाय घेत होते आणि ब्लूटूथबरोबर ठावठिकाणाही. भेटींच्या नोंदी एरवी फोनमध्येच राहत आणि माणूस बाधित निघाला तरच सर्व्हरवर जात, हे खरे आहे आणि ते न्यायाने सांगितले पाहिजे. त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा स्रोत (मूळ संगणकीय लिखाण) २६ मे २०२० रोजी खुला केला गेला, तेव्हा सक्तीचा वाद पेटून गेला होता. आधी सक्ती आणि मग पारदर्शकता हा क्रमच मला उलटा वाटतो.

तेव्हा पाहणीत दोन वेगवेगळ्या रचना समोर ठेवून विचारा. एकीत नाव आणि ठावठिकाणा सरकारकडे जातो, आणि त्यामुळे साथ कुठे वाढते आहे हेही आरोग्य खात्याला कळते. दुसरीत काहीच जात नाही, पण खात्यालाही काही कळत नाही. लोकांना यांतले काय हवे आहे, ते मला खरोखरच जाणून घ्यायला आवडेल.


दुसरी शिफ्ट (कुंडई)

वरच्या सगळ्यांचे वाचले. मला वाटते, आपण खाजगीपणावर जेवढे बोलतो आहोत तेवढे रोजगारावर बोलत नाही. मी त्या काळात एका औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात कामगार विभाग पाहत होतो. कारखान्याचे नाव सांगत नाही.

टाळेबंदीतील वेतन कापू नये, हा २९ मार्च २०२० चा केंद्राचा आदेश १८ मेपासून संपला. त्यानंतर जो कामावर नाही त्याला पगार नाही, हे पुन्हा सुरू झाले, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत फाटकावर ॲप दाखवण्याचा नियम आला. सुरक्षा रक्षक एका हाताने कपाळाजवळ तापमापक धरायचा आणि दुसऱ्या हाताने फोन पुढे करायला सांगायचा. पडदा हिरवा असेल तर आत. नारिंगी असेल तर घरी, आणि ते दिवस बिनपगारी. कंत्राटी कामगारांना तर परत बोलावले जाईल याचीही खात्री नव्हती.

अशा व्यवस्थेत माणूस काय करेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. फाटकाच्या अलीकडे ब्लूटूथ चालू व्हायचे, हजेरी लागली की बंद. कोणी हिरव्या पडद्याचा फोटो काढून ठेवला होता आणि रोज तोच दाखवत असे. तारखेकडे रक्षकाचे लक्ष नसे, आणि असले तरी तोही त्याच कंत्राटदाराचा माणूस होता. एका खोलीत राहणाऱ्या चौघांत स्मार्टफोन एक, आणि ज्याची पाळी त्याच्याबरोबर तो कामावर यायचा. आमच्या दफ्तरात मात्र शंभर टक्के कामगारांकडे ॲप असल्याची नोंद होती आणि ती वर पाठवली गेली होती. पर्वरीकरांनी सक्तीने वापर वाढेल असे म्हटले आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले. सक्तीने फाटकावर दाखवणे वाढले.

पुढे व्यवस्थापनाने विलगीकरणाचे दिवस भरपगारी रजेत धरायचे ठरवले, तेही एका खात्यातली बरीच माणसे एकदम आजारी पडून यंत्रे बंद ठेवावी लागल्यावर. त्यानंतर कामगार आपण होऊन येऊन सांगू लागले की माझ्या खोलीतल्या माणसाला ताप आहे, मी उद्या येत नाही. त्याला ॲप लागले नाही.

तुमच्या प्रश्नावलीत म्हणूनच असे विचारा: तुमच्या फोनवर नारिंगी खूण आली तर त्या दिवसापासून तुमचे किती रुपये बुडतील?


पर्वरीकर

रजेचा मुद्दा मान्य. पण भरपगारी रजा मिळते म्हटल्यावर खोटा ताप सांगणारेही निघतील, त्याचे काय?


दुसरी शिफ्ट (कुंडई)

निघाले होते की. पण एकाने खोटा ताप सांगितला तर एकाची हजेरी बुडते. खरा ताप लपवला तर काय होते, ते आम्ही त्या बंद यंत्रांवर पाहिले होते.


कुळाराची वाट (पेडणे)

मी अंगणवाडी सेविका आहे. या चर्चेत सगळे 'माणूस ॲप घेतो' असे लिहीत आहेत, म्हणून एक गोष्ट विचारते. फोन कोणाचा, हे ओसरीबाबांनी म्हटले, पण फोन उघडून कोण पाहतो, हेही विचारायला नको का? आमच्या भागात कित्येक सुनांच्या हातात फोन असतो, तो नवऱ्याने किंवा दिराने घेऊन दिलेला आणि त्यांनी हवा तेव्हा पाहावा असा. आपण कुठे गेलो, कोणाजवळ किती वेळ होतो, याची नोंद ठेवणारे काहीही अशा फोनवर असणे म्हणजे काय, हे त्या बाईलाच कळते. सरकारची भीती तिला फार पुढची आहे. आणि घरोघर पाहणी करताना दारात उत्तर देणार तो घरचा पुरुष, म्हणजे तिचे मत तुमच्या कागदावर येणारच नाही.

ॲपचा कंटाळा हीसुद्धा एक खरी गोष्ट आहे. २०२१ पासून आम्ही पोषण ट्रॅकर भरतो. वजन, उंची, हजेरी सगळे त्यात. रेंज नसली की वहीत लिहायचे आणि रात्री पुन्हा फोनमध्ये भरायचे. दर नव्या ॲपबरोबर 'हे शेवटचे' असे सांगितले जाते. तेव्हा आम्हाला कोणी साथीचे आणखी एक ॲप घ्यायला सांगितले, तर आम्ही घेऊ, कारण घ्यावेच लागेल, पण त्याला तयारी म्हणू नये.

साध्या फोनवाल्यांनाही सोडू नका. २०२० मध्ये त्यांच्यासाठी १९२१ या क्रमांकावर मिस्ड कॉल देण्याची सोय केली होती; पलीकडून फोन येऊन लक्षणे विचारत. आमच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्यांना ती मी सांगितली तेव्हा पहिल्यांदा कळली.


वाळवंटीकाठ (डिचोली)

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या तपशिलाची मी अपेक्षा केली नव्हती. तुमच्या उत्तरांवरून मी मसुदा बदलला आहे, तो थोडक्यात देतो.

'ॲप घ्याल का' हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी सुरुवातीला घरात फोन किती, त्यांपैकी स्मार्टफोन किती, ते कोण वापरते आणि घराबाहेर पडताना कोण बरोबर नेते, हे विचारणार. २०२० मध्ये ज्यांच्याकडे ॲप होते त्यांना, ते कोणाच्या सांगण्यावरून घेतले आणि कधी काढून टाकले, एवढेच विचारणार. त्यानंतर कुळागर यांनी सुचवलेल्या दोन रचना प्रत्येकी चार ओळींत, साध्या मराठीत, शेजारी शेजारी छापणार, आणि संमतीबद्दल म्हापशेकरांनी जे सांगितले आहे ते खाली लिहिणार. कोणती निवडाल, आणि दोन्ही नको असल्यास का, हे त्यावर विचारू. मग दुसऱ्या शिफ्टचा प्रश्न थोडा बदलून: आपण बाधिताच्या संपर्कात आलात अशी सूचना फोनवर आली आणि अंगात काहीही त्रास नसला, तर दुसऱ्या दिवशी कामावर जाल का, न गेल्यास घर किती दिवस चालेल. आणि शेवटी ओसरीबाबांच्या अनुभवावरून असे की, तुम्हाला बाधा झाली तर गेल्या दोन दिवसांत भेटलेल्यांची नावे तुम्ही कोणाला सांगाल: आरोग्यसेवकाला, पंचाला, डॉक्टरला, ॲपला, की कोणालाच नाही.

पाहणी समितीचे सदस्य जोडीने करणार आहेत, आणि प्रत्येक जोडीत त्या त्या प्रभागाचे पंच असतील.


कुळाराची वाट (पेडणे)

प्रश्न चांगले झाले आहेत, विशेषतः शेवटचा. पण दारात पंच उभे असताना 'पंचाला सांगणार नाही' असे कोण लिहून देईल? पंचांना त्या दिवसापुरते घरी राहू द्या. घरात बाई असेल तर तिच्याशी बोलायला जोडीत एक बाई ठेवा, आणि शेवटच्या दोन प्रश्नांचा कागद वेगळा करून घडी घालून डब्यात टाकायला सांगा. डबा आमच्या अंगणवाडीत ठेवतात तसला, झाकणाला फट असलेला, कोणाकडेही मिळेल.


ओसरी (वाळपई)

बाईंचे म्हणणे अगदी बरोबर आहे. आणखी एक, पाहणी मेअखेरीस ठेवू नका. बेगमीचे दिवस असतात, लोक बाजारात आणि बागायतीत असतात, आणि घरी भेटतील ती मुले. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात संध्याकाळी सातनंतर जा.